दहावा खांब

भिंत उकलली तेव्हा आधी माती सांडली,
मग कारवी, शेणात मळलेला पेंढा,
आणि एका खपलीवर कुणाच्या तरी चार बोटांचे वण.
पाचवं बोट नव्हतं, किंवा टेकलं नसेल.

पाचगणीच्या उतारावर साहेबानं बांधलेलं शेतघर.
त्याच्या मुलखात म्हणे असंच बांधतात,
आधी लाकडाचा सांगाडा, मग हाडांच्या मधे मांस,
आणि हाडं झाकायची नाहीत.
लांबून बघा, घरानं पट्ट्यापट्ट्यांची बंडी घातलीय.

नकाशा त्याचा, हात आमच्या पणज्याचे.
ओक इथं कुठला? ऐन आणला, किंजळ आणला.
त्यानं वेताची वीण कागदावर काढून दाखवली,
पणजा म्हणाला असेल, कूड होय,
तो तर आमच्या गोठ्यालाही असतो.
पाऊस मात्र त्यानं कागदावर घेतला नव्हता.
इथला पाऊस आडवा येतो, दार न वाजवता.
मग दर ज्येष्ठात कोळंबाच्या झड्या बांधायच्या,
चार महिने ती बंडी गवताच्या पोत्यात.

पण सांधे! सांध्यांना नाव ठेवायला जागा नाही.
एक खिळा नाही सबंध घरात.
कूस खाचेत बसते, वरून लाकडाची मेख.
आणि मेखेची भोकं समोरासमोर नाहीत,
मुद्दाम सुतभर चुकवलेली.
मेख ठोकली की ती चूक ओढून घेते,
लाकूड लाकडाला बिलगतं.
मी तीस वर्षं गुण्या लावून काम केलं,
एवढी नेमकी चूक मला एकदाही जमली नाही.

खांबांवर पटाशीच्या खुणा आहेत.
एक रेघ, दोन रेघा, मग एक पाचर, पाचरीशेजारी रेघा,
असे नऊ.
दहावा खांब कोरा.
तोही जांभळाचा, बाकीच्यांत न शोभणारा,
बुडाशी कुजलेला.

इराणीशेठचा नातू म्हणाला, एवढा बदलून द्या.
मी जेवायला बाहेर बसलो. खाली शाळेचं घड्याळ.
दुपारचे सव्वा झालेले, बघायचं काही कारण नव्हतं,
पण नजर डावीकडे वर गेली
आणि घास हातात राहिला.
घड्याळात दहाला फुली असते.

आमच्या कासवंडच्या घरात मधल्या खणात
एक ऐनाचा खांब आहे, त्यावर फुली आहे.
लहानपणी विचारलं तर बाप म्हणायचा,
साहेबानं नापास केलेला, फुकट मिळाला.
त्याला दोन खाचा आहेत, ज्यांत काहीच येत नाही.
वरच्या खाचेत आई फणी ठेवायची,
खालच्या खाचेत मी लपवलेल्या गोट्या
अजूनही एखादी असेल.

म्हणजे साहेबानं आकडा घातला
आणि पणज्यानं निकाल वाचला.
रातोरात जांभूळ तोडून दुसरा घडवला असेल,
हाताला फोड, तोंडाला कुलूप.
साहेब परत आला, त्यानं नऊ मोजले आणि एक कोरा,
त्यालाही विचारायचं सुचलं नाही, किंवा भाषा नव्हती.

रात्री घरी काठी घेऊन खाचेत घातली.
बायको म्हणाली, आता काय मोजताय?
काठी बसली. तंतोतंत.
मेखेचं भोक सुतभर चुकलेलं.

काढून नेता आला असता.
पण आमचं आढं आता त्याच्यावर झोपलंय,
चार पिढ्या कूस न बदलता.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात,
खांब फिरवून बघायची माझी छाती नाही.

वाईच्या वखारीतून ऐन आणला. आठ दिवस घडवला.
भोक चुकवलं, जमलं की नाही ते पावसाळा सांगेल.
मग मोगरी घेतली, पटाशी लावली
आणि ह्या खेपेला फुली मी मारली.

बिलात लिहिलं: खांब एक, मेखा दोन, मजुरी.
फुलीचे पैसे लावले नाहीत.